गव्हाचे पथ्य आणि ढाब्यावरची भाकरी

शिरूर कासार येथील एका वाचक भगिनीचे पत्र या आठवड्यात आले आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला सीलिअॅक नावाचा आतड्याचा विकार असल्याचे गेल्या वर्षी निदान झाले. त्याआधी तीन-चार वर्षे त्याला वरचेवर जुलाब होत, पोट फुगे, वजन वाढत नसे. जंताचे औषध झाले, टॉनिक झाले, नजर काढून झाली. अखेर तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, "गहू कायमचा बंद." घरात ज्वारी-बाजरीची भाकरी होतीच, त्यामुळे पथ्य फारसे जड गेले नाही. मुलगा सुधारला, अंगाने भरला. पण मागील महिन्यात बीडला जाताना वाटेतल्या एका ढाब्यावर जेवण झाले. आईने आठवणीने ज्वारीची भाकरी आणि पिठले मागवले, पोळीला मुलाने हातही लावला नाही. तरी त्याच रात्री पोटात कळा सुरू झाल्या आणि पुढे चार दिवस जुलाब.

भगिनी विचारतात, "भाकरी खाऊनही असे का व्हावे? आणि मग याने जन्मभर बाहेर खायचेच नाही का? आता तो लग्नाला चल म्हटले तरी नको म्हणतो."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले की दुसऱ्याचेही सापडते. म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते

गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक ताणली तरी तुटत नाही, पोळी लाटता येते, पाव फुगतो, ही सारी करामत ग्लूटेनची. ज्वारी-बाजरीच्या पिठात ते नसते. म्हणूनच आपल्या मायबहिणींना त्या पिठात गरम पाणी घालावे लागते, ते तळहाताने मळून मळून एकजीव करावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. जे पीठ ताणले जाते त्यात ग्लूटेन आहे, एवढी खूण सर्वसामान्य वाचकाने ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. गव्हाखेरीज सातू म्हणजे जव आणि राय या धान्यांतही हा घटक असतो. ओट मुळात वेगळे असले तरी बाजारातील ओटात बहुधा गहू मिसळलेला असतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बहुतेकांना ग्लूटेन बाधत नाही. परंतु सीलिअॅकच्या रुग्णात शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर खराब करते. या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नरस तीच शोषून घेते. ती झडली की खाल्लेले अंगी लागत नाही. मग जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे, मुलांची उंची खुंटणे असे प्रकार दिसतात. काहींना तर केवळ न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण असते.

या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. तो या काळात बळावला आणि १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो पुराव्यानिशी मांडला. आजही या आजारावरचा सिद्ध झालेला उपचार एकच आहे, तो म्हणजे ग्लूटेनचे कडक आणि आयुष्यभराचे पथ्य.

आपल्या देशात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आढळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण दिसले. आपला भाग परंपरेने भाकरीचा. एके काळी पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच होई. आता रेशनवर गहू, शाळेच्या डब्यात पोळी, चहाबरोबर बिस्कीट आणि नाक्यावर वडापाव. तेव्हा हा आजार आपल्याकडचा नाही, असे म्हणून चालणार नाही.

'एवढ्याशाने काय होते?'

या पथ्यात सर्वांत घातक कोणती गोष्ट असेल तर ती मैद्याची जिलेबी नव्हे. प्रेमाने म्हटलेले 'एवढ्याशाने काय होते' हे वाक्य अधिक घातक आहे.

रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात, २००७ साली, असे दिसले की दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा पोहोचते. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिल्यास इजेची शक्यता फार कमी, असे तज्ज्ञ मानतात. आता हिशेब करून पाहा. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम म्हणजे २५०० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, नखावर मावेल एवढा कपटा, रोज पोटात जाणे हेसुद्धा जास्तच झाले. हे प्रथिन तळल्याने, भाजल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

भाकरीत गहू आला कोठून?

आता ढाब्यावरच्या त्या भाकरीकडे वळू. ज्वारीचा दोष नव्हता. पण शेतातून ताटात येईपर्यंत त्या भाकरीला वाटेत गहू भेटण्याची ठिकाणे अनेक आहेत.

पहिले ठिकाण गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यावर आपली ज्वारी पडते. पहिले दोन-तीन किलो पीठ तरी मिश्रच निघते. दुसरे ठिकाण परात. जिच्यात सकाळी कणीक मळली, तिच्यातच दुपारी भाकरीचे पीठ मळले जाते. तिसरे, थापताना खाली भुरभुरायचे पीठ. घाईच्या वेळी हाताशी कणकेचा डबा असला तर तोच उघडला जातो. भाकरी तुटू नये म्हणून पिठात थोडी कणीक मिसळणारेही काही जण असतात. चौथे ठिकाण तवा. तव्यावर आधी पोळ्या झालेल्या असतात आणि त्यांचे जळके पीठ तेथेच असते. पाचवे, पोळ्या-भाकऱ्या एकत्र ठेवण्याची टोपली आणि तिच्यातले फडके.

मुलगा पोळीला शिवला नव्हता, भाकरी मात्र शिवली असावी. म्हणून हॉटेलात गेल्यावर 'यात काय आहे?' एवढे विचारून भागत नाही. 'याला काय लागले आहे?' हेही विचारावे लागते.

गिरणीची अडचण घरीही असतेच. ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे शक्य असल्यास छोटी घरघंटी घेऊन ती केवळ ज्वारी, बाजरी, तांदूळ यांसाठीच राखून ठेवावी. जुने जाते असेल तर तेही पुन्हा कामास येईल. ज्वारी निवडताना त्यात गव्हाचे दाणे नाहीत ना, हेही पाहावे.

हॉटेलात काय मागवावे?

साधारण धोरण असे ठेवावे.

बऱ्याच अंशी सुरक्षित: साधा पांढरा भात, घट्ट दही, ताक, उकडलेली अंडी, केळी, शहाळे, भाजलेले शेंगदाणे, चहा, दूध. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे मिळतात. भौगोलिक मानांकन मिळालेले आपल्या बीडचे हे फळ प्रवासात पोटभरीचे आहे आणि त्याच्यात भेसळीची भीती नाही.

विचारून घ्यावे असे: पोहे आणि मुरमुऱ्यांचा सुशीला. दोन्ही पदार्थ मुळात निर्धोक आहेत, पण कढई आणि झारा उपम्याचा नसावा, वर शेव-फरसाण नको. इडली तांदूळ-उडदाची असेल तर चालते, रव्याची चालत नाही. डोशाच्या तव्यावर रवा डोसाही होत असेल तर तो टाळावा. वरण, पिठले, रस्सा यांत फोडणीचा हिंग कोणता आणि दाटपणासाठी काय घातले, हे विचारावे. भज्यांचे बेसन हरभऱ्याचे असले तरी त्याच कढईत समोसे, कचोरी आणि पुऱ्या तळल्या जातात. त्या तेलात गहू उतरलेला असतो. म्हणून कढई वेगळी नसेल तर भजी नकोत.

सरळ वर्ज्य: पोळी, पुरी, तंदुरी रोटी, नान, पाव, समोसा, जिलेबी, गुलाबजाम, शिरा, उपमा, शेवया. मिसळीतल्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. चायनीज गाड्यावरचे मंचुरियन मैद्यात घोळलेले असते आणि सोया सॉस बहुधा गहू घालूनच बनतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून होतात, त्याही नकोत.

बंद पाकीट घेतल्यास त्यावरील मजकूर वाचावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पदार्थावर 'ग्लूटेनमुक्त' असे छापता येते. पदार्थात गहू असेल तर तसे पाकिटावर जाहीर करणेही बंधनकारक आहे. २०२०च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी अशा बाधक घटकांची माहिती ग्राहकाला द्यायची असते. मात्र आपल्या नाक्यावरचा ढाबा या नियमात येत नाही. तेथे तोंडानेच विचारावे लागते.

आपल्याकडचा छुपा गहू

परगावच्या आहारतज्ज्ञांच्या यादीत न सापडणारे काही पदार्थ आपल्या भागात आहेत. येसरची आमटी हे त्याचे ठळक उदाहरण. येसरमध्ये भाजलेली बाजरी, हरभऱ्याची डाळ यांच्याबरोबर अनेक घरांत गहूही दळला जातो. आमटी काळीभोर आणि झणझणीत असते, तिच्यात गहू असेल अशी शंकाही येत नाही. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांतही गहू असतो. धपाट्यांना ज्वारीचे म्हणतात, पण त्यात मूठभर कणीक पडतेच. शेंगोळ्यांचेही तसेच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. बाजारातला खड्याचा बांधणी हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. डबीवर लिहिलेले वाचावे आणि तांदळाच्या पिठातला मिळाल्यास तो घ्यावा.

उपवासाची भाषा

आता मुख्य अडचण. हॉटेलवाल्याला हे सारे समजवायचे कसे? 'ग्लूटेन' म्हटले तर तो गोंधळतो. 'गव्हाची अॅलर्जी' म्हटले तर पोळी काढून घेतो आणि त्याच हाताने भात वाढतो. बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला समजेल अशा भाषेत आपण सांगत नाही.

ती भाषा आपल्याकडे पूर्वापार आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागणारे गिऱ्हाईक आले की कोणताही हॉटेलवाला काय करतो? उपवासाची कढई वेगळी काढतो, झारा वेगळा घेतो, साधे तेल वापरत नाही, ताटात चुकून शेवेचा कण पडला तर ताट बदलून देतो. त्यासाठी त्याला कोणी शिकवलेले नसते. लहानपणापासून त्याने आई-आजीला तसेच करताना पाहिलेले असते. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी तो पळीही वेगळी ठेवतो. म्हणजे वेगळेपण पाळण्याची शिस्त आपल्या स्वयंपाकघरात आहेच. ती फक्त या आजारासाठी वापरायची आहे.

म्हणून त्याला सांगावे, "मालक, या मुलाला गव्हाचा कायमचा उपवास आहे. उपवासाचे जसे वेगळे करता, तसे करून द्या." एवढ्या एका वाक्यात परात, पळी, कढई आणि हात सारे येते. यापुढे जाऊन एक चिठ्ठी लिहून मुलाच्या खिशात ठेवावी. नमुना असा:

"नमस्कार. मला आतड्याचा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, सातू यांचा कणही मला चालत नाही, चार-चार दिवस आजारी पडतो. कृपया हात धुऊन, धुतलेल्या वेगळ्या भांड्यात, पोळी-पुरीला न लागलेल्या पळीने मला साधा भात व दही द्यावे. तळण कढईतले नको. जमणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, राग नाही. आपला आभारी आहे."

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. 'जमणार नाही' असे प्रामाणिकपणे सांगणारा हॉटेलवाला आपला हितचिंतक समजावा. चिठ्ठी वाढप्याला देऊन थांबू नये, ती आचाऱ्यापर्यंत जाऊ द्यावी. गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास ऐकून घ्यायला त्यालाही सवड असते.

उपवासाचे पदार्थही आपल्याला उपयोगी आहेत. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. पण एकादशीला वेगळी असणारी कढई एरवी वेगळी असेलच असे नाही, आणि साबुदाणावडा रोजच्या तेलात तळला जात असेल तर तो नको. राजगिऱ्याचे सुटे पीठ कोठे दळले, हेही विचारावे. भगर मात्र ताजी, स्वच्छ आणि खात्रीची असावी. जुनी, ओल लागलेली भगर खाऊन विषबाधा होते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

पंगत आणि प्रसाद

लग्नाची पंगत ही हॉटेलपेक्षा अवघड. हॉटेलात नाही म्हणता येते, पंगतीत आग्रह असतो. येथे एक युक्ती करावी. पंगत बसण्यापूर्वीच आचाऱ्याला गाठून भात व वरण थेट पातेल्यातून आपल्या डब्यात काढून घ्यावे. एकदा वाढप सुरू झाले की पुरीची टोपली धरणारा हात भाताच्या घमेल्यात जातो. आमटी येसरची असेल तर ती वगळावी. सोबत घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी माणसे कित्येक वर्षे भाकऱ्या बांधून परमुलखात जात आली आहेत. भाकरी बांधून नेण्यात कमीपणा कसला?

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, सप्ताहाच्या महाप्रसादात पुरी किंवा लापशी असते. प्रसाद नाकारणे अनेकांच्या जिवावर येते. अशा वेळी प्रसाद हातात घ्यावा, कपाळी लावावा आणि शेजारच्याला द्यावा. मुलासाठी केळे किंवा खडीसाखर मागून घ्यावी. मुलाचा हात मात्र लगेच धुवावा. देवाच्या दारी भाव पाहतात, हे कोणताही कीर्तनकार सांगेल.

आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना एकच विचारावे. उपवास धरलेल्या माणसाला आपण कधी म्हणतो का, "अहो, घासभर भात खा, एवढ्याशाने काय होते?" आपण तसे म्हणत नाही, कारण त्याचा नेम मोडू नये असे आपल्याला वाटते. आजारी मुलाच्या नेमाला तेवढाच मान का नसावा? त्याचा नेम तर त्याने निवडलेलाही नाही.

चूक झालीच तर

कितीही जपले तरी एखादे वेळी चूक होते. घाबरून जाऊ नये. पाणी भरपूर द्यावे, जुलाब असल्यास जलसंजीवनी द्यावी, मऊ भात, ताक यांवर ठेवावे आणि पथ्य पुन्हा नेटाने सुरू करावे. उलट्या थांबत नसतील, मूल मलूल झाले असेल, शौचात रक्त दिसले किंवा दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. गहू खाताच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे हा निराळा प्रकार असून ती खरी अॅलर्जी होय. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

काहींना चूक झाल्यावर त्रास जाणवतच नाही. अशांनी 'आपल्याला पचले' असे समजू नये. आतड्याची झीज आतल्या आत चालूच राहते.

आणखी दोन सूचना. हा लेख वाचून कोणी आपण होऊन गहू सोडू नये. आधी 'टीटीजी' ही रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून लहान आतड्याच्या तुकड्याची तपासणी व्हावी लागते. त्यापूर्वीच गहू सोडला तर तपासणीत आजार लपतो. दुसरे, घरात एकाला हा आजार असेल तर आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात साधारण बारा-पंधरात एकाला तो निघतो, आणि तोही पुष्कळदा लक्षणांवाचून.

भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मुलाला बाहेर खाता येईल, पण प्रत्येक ठिकाणी नव्हे आणि न विचारता नव्हे. शिरूर कासारमध्ये, बीडमध्ये, पाथर्डीच्या वाटेवर एक-एक असे दोन-तीन हॉटेलवाले शोधा, त्यांना सारे नीट समजावून सांगा आणि शक्यतो तेथेच जात चला. दोन-चार वेळा गेलात की मालकच हाक मारून म्हणेल, "वेगळ्या पातेल्यातला भात काढून ठेवलाय." चिठ्ठी मात्र तुम्ही दाखवू नका, मुलालाच दाखवू द्या. अकरा वर्षांचा आहे, वाचता-बोलता येते. उद्या शिक्षणासाठी बाहेरगावी राहील तेव्हा आई सोबत नसेल, पण विचारण्याची सवय सोबत असेल.

आणि येत्या लग्नसराईत त्याला लग्नाला अवश्य न्या. डब्यात भाकरी असली म्हणजे पंगतीत इतरांच्या बरोबरीने बसायला काहीच हरकत नाही.